डाव्या बाहीवरचा चुना

निरोप आला तेव्हा तिसरीच्या वर्गाला पाढे म्हणायला लावून मी खिडकीशी उभी होते. शाळेचा प्यून दारात आला आणि टोपी काढून नुसताच उभा राहिला. मला वाटलं, याला सुट्टी हवी असणार, म्हणून मी जरा तुसडेपणानेच विचारलं, काय आहे? तो म्हणाला, "बाई, तुमचे दादा कारखान्याच्या भिंतीशी बसलेत. उठत नाहीयेत." मी गेले. दादा फूटपाथवर भिंतीला टेकून, पाय पसरून बसला होता. मान जराशी कलती, डोळे मिटलेले, आणि सदऱ्याची डावी बाही कोपरापर्यंत चुन्याने पांढरी. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. नंतर कळलं की तो तिथे तासभर तरी तसाच बसून होता. स्टेशनकडे जाणारी शेपन्नास माणसं त्याच्या अंगावरून गेली असतील. सगळ्यांना वाटलं, परब हवालदाराचं नेहमीचं खूळ चाललंय. त्याच्या पायांना वळसा घालायला ती फूटपाथवरून खाली रस्त्यावर उतरली आणि पुन्हा वर चढली... हे मला पानाच्या गादीवाल्याने सांगितलं, आणि सांगताना त्यानेही मान खाली घातली.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. मधल्या काळात आमच्या घाटकोपरच्या मंडळींनी शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा घेतली. हार झाले, दोन मिनिटं उभं राहून झालं, चांगलं बोलूनही झालं. एक वक्ते मोठ्या मनाने म्हणाले, "एक चूक सोडली, तर शिवराम परबांच्या नोकरीला डाग नव्हता." टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून, नाहीतर त्या वाक्याला पडल्या असत्या. पहिल्या रांगेत मी बसले होते, त्याची सख्खी धाकटी बहीण, आणि मूग गिळून बसले होते. त्या एका चुकीबद्दलच मला आज लिहायचं आहे. त्याच्या बाकीच्या गोष्टींबद्दल मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं.

दादा मालवणकडचा, म्हणजे आम्ही दोघंही तिकडचीच. तो अठराव्या वर्षी मुंबईत आला आणि पोलिसात लागला. हुद्द्याने तो शिपाई, पण आपल्याकडे निळी अर्धी चड्डी आणि पिवळी टोपी दिसली की लोक हवालदार म्हणूनच हाक मारतात. वहिनी पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्याच वर्षी मी शिक्षिकेची परीक्षा देऊन त्याच्या दोन खोल्यांत राहायला आले, ती तिथलीच झाले. माझं लग्न लावून द्यायचं त्याने दोन-तीनदा मनावर घेतलं होतं, पण मी जिभेची तिखट, आणि मुलाकडच्यांसमोर गप्प बसणं मला काही जमेना. शेवटी तो म्हणाला, "मरांदे गो, तू हंयच बरी." असे आम्ही दोघं.

कायद्याच्या बाबतीत मात्र त्याच्याशी राहणं म्हणजे डोक्याला ताप होता. आमच्या जिन्यावरूनसुद्धा तो डाव्या बाजूने चढायचा. मुंबईची हद्द आमच्यापर्यंत आली, स्टेशनपासून आग्रा रोडपर्यंतच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी दगडी फूटपाथ झाले, आणि दादाला जणू नवं देऊळ मिळालं. त्याआधी त्या रस्त्यावर माणूस, बैलगाडी आणि मालट्रक सगळे एकाच चिखलात असायचे. फूटपाथ झाले खरे, पण मोटारवाल्यांची समजूत अशी की रस्ता अरुंद, तेव्हा मोटार उभी करायला म्युनिसिपालिटीने हा सपाट ओटा करून दिलाय. दुकानदार, कंत्राटदार, नाटक-सिनेमातले लोक, दवाखान्याचे डॉक्टर, सगळे चाकं वर चढवून मोकळे व्हायचे. चालणारी माणसं पुन्हा खाली, मालट्रकांच्या वाटेत. दादाची ड्यूटी त्या रस्त्यावर लागली आणि त्याने त्या मोटारी खाली उतरवायचा ध्यास घेतला.

त्याची एक पद्धत होती. गाडी दिसली की तो लगेच दंडाची चिठ्ठी लिहायचा नाही. पुढच्या चाकाला लागून फरशीवर खडूने अर्धगोल काढायचा, शेजारी वेळ लिहायची, आणि पुढे जायचं. अर्ध्या तासाने परत येऊन बघायचं. चाक खुणेत तसंच असलं, तरच चिठ्ठी. मी एकदा म्हटलं, अरे, पहिल्यांदाच लिहून टाक ना, तुझे पाय तरी वाचतील. तर म्हणाला, "माणसाक सुधारूक अर्धो तास तरी मिळाक होयो." खडू माझ्या शाळेतून यायचा, आणि त्यातही त्याचा कायदा. अख्खी कांडी त्याने कधी घेतली नाही. ती मुलांची. फळ्यावर धरता येत नाहीत असे आखूड तुकडे मी आठवडाभर डबीत जमवायचे, आणि सोमवारी सकाळी तो विचारायचा, "खडू हाडलंस?" मी चिडून म्हणायची, हाडले हो हवालदार, पोतंभर हाडले. मग तो दोन तुकडे खिशात टाकून हसत बाहेर पडायचा. तेव्हा तो हसायचा.

आमच्या भागात गणूमामा म्हणून खुर्च्या विणणारे होते. लहानपणी देवीत त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. पण वेताची वीण अशी घालायचे की डोळसाने बघत राहावं. शाळा, बँक, वकिलांच्या खोल्या, सगळ्यांच्या खुर्च्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. ते नाल्यापलीकडे राहायचे आणि कामाला स्टेशनकडे यायचे ते बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. ती माउली त्यांना पोचवून परत जायची, संध्याकाळी पुन्हा न्यायला यायची. फूटपाथ झाल्यावर दादाने त्यांना एकट्याने चालायला शिकवलं. पंधरा दिवस, ड्यूटी संपल्यावर, त्यांच्या बरोबरीने. कारखान्याची लांबलचक भिंत आहे ना, तिच्यावर डावा हात ठेवायचा, उजव्या हातात काठी. भिंत संपली की सत्तावीस पावलं, मग शाळेचं कुंपण. गणूमामा घाबरायचे. वाटेत मोटार असली तर? दादा म्हणाला, "मोटार असायची नाय. माझो शब्द." हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, म्हणून लिहिते. दोन वर्षं त्याने तो शब्द पाळला. गणूमामा एकटे येऊ-जाऊ लागले, आणि त्यांच्या बायकोने एकदा मला वाटेत थांबवून सांगितलं की आता दुपारची घटकाभर पाठ टेकता येते. बाईमाणसाला याहून मोठा आशीर्वाद कुठला असतो?

आता ती खंडेनवमी.

ज्या कारखान्याची ती भिंत, त्याचे मालक आमच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष होते. माणूस वाईट नव्हता, हे मला आधीच सांगायला हवं, नाहीतर सगळं त्यांच्या माथी मारून मी सुटेन. खंडेनवमीला त्यांच्याकडे यंत्रांची पूजा असायची, आम्हा शिक्षकांना तीर्थप्रसादाचं बोलावणं असायचं. त्या वर्षी त्यांनी पहिली मोटार घेतली होती. कारखान्याच्या आवारात मांडव घातलेला, आत जागा नाही, म्हणून मोटार बाहेर फूटपाथवर, नव्याने चुना दिलेल्या भिंतीला खेटून उभी केली आणि तिथेच तिची पूजा केली. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, टपावर नारळ. आणि आपल्याकडची रीत अशी की खंडेनवमीला हत्याराला एकदा हळदकुंकू लागलं की ते विसाव्याला. सुतार करवतीला हात लावत नाही, शिंपी यंत्र चालवत नाही, आम्ही पाटीपेन्सिलसुद्धा त्या दिवशी देवापुढे ठेवतो. मोटार तर चाकांची. ती दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायची नाही, असं त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं.

चार वाजता दादा आला, चाकाशी खडूची खूण केली, चार असं लिहिलं आणि गेला. साडेचारला परत आला तेव्हा मी प्रसादाचा द्रोण घेऊन फाटकात उभी होते. चार वर्षं मी शाळेत टेम्पररी होते. दिवाळीआधी कमिटी बसायची होती, आणि कायम कोणाला करायचं ते अध्यक्ष ठरवणार होते. दादाने वही काढलेली पाहिली आणि मी पुढे झाले. मी त्याला बाजूला घेतलं.

"दादा, आजचा दिवस सोड. पूजेची गाडी आहे."

"गणूमामाक शब्द दिलाय गो."

"अरे, आज खंडेनवमी. त्यांची वेत सोलायची सुरी पण पूजेला लागलेली असणार. आज ते कामाला कुठे येतात? सकाळी शेठ स्वतः गाडी काढतायत."

तो विचारात पडला. माझं म्हणणं बिनचूक होतं, हेच तर वाईट झालं. हत्यारं विसाव्याला, म्हणजे गणूमामा घरी. आमच्यापैकी कोणीही असाच हिशेब केला असता. मग मी शेवटचं बोलले, आणि ते बोलले नसते तर कदाचित त्याने चिठ्ठी लिहिली असती. मी म्हटलं, "माझ्या नोकरीचा प्रश्न आहे रे दादा. एकदाच सांगतेय." बारा वर्षांत मी त्याच्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं, वही मिटली, खडू खिशात टाकला आणि म्हणाला, "असांदे."

दिवेलागणीला गणूमामा आले. कामाला नाही. त्यांनी घरी सुरीची आणि कातरीची पूजा केली होती आणि तिचा प्रसाद ते आमच्याकडे घेऊन येत होते, शिवराम हवालदारासाठी, केळीच्या पानात बांधलेले दोन पेढे. काम बंद म्हणून तर मोकळे होते ना ते... हे मला कसं सुचलं नाही? खंडेनवमीला पाटीपेन्सिलीची पूजा झाल्यावर मीच मुलांना सांगते, प्रसाद सगळ्यांना नेऊन द्या म्हणून.

पुढचं पानाच्या गादीवाल्याने पाहिलं. गणूमामा भिंतीवर हात ठेवून येत होते, नेहमीसारखे भराभर, कारण दोन वर्षांत त्या वाटेने त्यांना कधी दगा दिला नव्हता. काठी मोटारीला लागली. ते थांबले. हाताने चाचपलं, हाताला झेंडू लागले, हळदकुंकू लागलं. त्यांनी काठी काखेत धरली आणि मोटारीला नमस्कार केला. मग अंदाजाने उजवीकडे सरकत फूटपाथच्या कडेवरून खाली उतरले. आग्रा रोडकडून मालट्रक येत होता. गादीवाला म्हणतो, मी ओरडलो. ओरडला असेल. आम्ही धावत गेलो तेव्हा ते गेलेले होते, आणि त्यांचा डावा हात मनगटापर्यंत पांढरा होता, ताज्या चुन्याने. पेढे पानातून बाहेरही आले नव्हते. दादा गुडघे टेकून त्यांच्याजवळ बसला आणि तो पांढरा हात आपल्या हातात धरून राहिला. कोणी उठवलं तरी उठेना.

चौकशी झाली. गाडीशी खडूची खूण होती, वेळ लिहिलेली होती, त्याच्याच अक्षरात. म्हणजे गाडी दिसली नाही असं म्हणायची सोयही त्याने स्वतःला ठेवली नव्हती. साहेबांनी विचारलं, चिठ्ठी का लिहिली नाही? "चुकलंय साहेब." कोणी भीड घातली? "नाय साहेब." हे त्याने मला सांगितलं नाही, त्याच्याबरोबरच्या शिपायाने सांगितलं. त्याला रस्त्यावरून काढलं आणि ठाण्यात जप्तीच्या मालाच्या खोलीवर बसवलं, तिथेच त्याची उरलेली वर्षं गेली. लोकांनी आपापसांत ठरवून टाकलं की परबाने शेठचे पेढे खाऊन गाडी सोडली. अध्यक्ष गणूमामांच्या बायकोकडे जाऊन रडले, तिला धान्य पाठवत राहिले. ट्रकवाल्याला शिक्षा झाली. दिवाळीआधी कमिटी बसली आणि मला कायम केलं. तो कागद मी घरी आणला तेव्हा दादाने वाचला, घडी घातली, आणि देवाच्या फोटोमागे ठेवला. तो मला एक शब्द बोलला असता तर बरं झालं असतं. माझ्यासारखीला शिव्या सोसतात, पण ही असली माणुसकी सोसत नाही. मी रात्रंदिवस त्याच्या तोंडाकडे बघायची आणि तो मला जेवण वाढ म्हणायचा.

त्याने मला खडू मागायचं मात्र थांबवलं. मीच आपली दर सोमवारी दोन तुकडे खिडकीत ठेवायची, तो न बोलता उचलायचा. कारण त्याने नवीन काम काढलं होतं. रोज सकाळी, ड्यूटीच्या आधी, साधा सदरा-पायजमा घालून तो नाल्याशी जायचा, डावा हात भिंतीवर ठेवायचा आणि डोळे मिटून स्टेशनपर्यंत चालत यायचा. वाटेत जे आडवं येईल, मोटार, हातगाडी, विटांचा ढीग, त्यावर आपटून थांबायचा. मोटार असली तर खडूची खूण करायची आणि तिथेच उभं राहायचं. चिठ्ठी लिहायचा अधिकार गेलेला. मालक आला की हात जोडून म्हणायचा, गाडी खाली घ्या. काही घ्यायचे, काही शिव्या घालायचे, पोरं मागून डोळे मिटून त्याची नक्कल करत चालायची. नडगीवर कायम खोक. मी तेल-हळद लावताना म्हणायची, बस कर आता, लोक वेडा म्हणतात तुला. तो म्हणायचा, "म्हणांदेत." आणि रोज ती डावी बाही. चुना धुवून जात नाही नीट, कापड खातो. मी दगडावर घासताना बडबडत असे, दुसऱ्या हाताने चाल, भिंतीपासून दोन बोटं लांब चाल. पाच वर्षं मी ती बाही घासली आणि पाच वर्षं बाहीबद्दलच बोलले. दुसरं जे बोलायला हवं होतं ते ओठांपर्यंत यायचं आणि मी पाणी ओतायची. दादा, चूक माझी, चल ठाण्यावर, मी सांगते, एवढंच तर होतं. पण कायम झालेली नोकरी होती ना. ती जाईल की काय, याची भीती गणूमामांच्या मरणानंतरही मला होतीच. माणूस असं असतं, निदान मी तशी आहे.

गेल्या सोमवारी सकाळी उठले आणि बघितलं, तर खिडकीत खडूचे तुकडेच तुकडे. तो गेल्यावरही सवयीने मीच ठेवले होते. किती सोमवारचे साठले होते कोण जाणे, कारण उचलायला कोणीच नव्हतं. मी एक घेतला, नाल्यापर्यंत गेले, डावा हात भिंतीवर ठेवला आणि डोळे मिटले. खरं सांगते, पहिल्या दहा पावलांत मी तीनदा डोळे उघडले. पाय पुढे पडतच नाही. प्रत्येक आवाज अंगावर येतो. गणूमामा ही वाट रोज चालायचे, कारण एका माणसाने त्यांना सांगितलं होतं की मोटार असायची नाही... मग हळूहळू जमलं, आणि जमलं म्हणेपर्यंत गुडघा लोखंडावर आपटला.

मोटार होती. मी वाकून चाकाशी अर्धगोल काढला, वेळ लिहिली आणि उभी राहिले. थोड्या वेळाने मालक आले, नव्यानेच इकडे राहायला आलेले, टापटिपीचे गृहस्थ. "बाई, हे काय चाललंय? तुम्ही कोण?"

"परब हवालदारांची बहीण."

"म्हणजे ते... पेढे खाऊन गाडी सोडली होती, ते?" ते वाईट मनाने बोलले नाहीत. त्यांनी जे ऐकलं तेच बोलले.

"ती गाडी त्यांनी नाही सोडली," मी म्हटलं. "मी सोडवली. माझ्या नोकरीसाठी."

पाच वर्षांत पहिल्यांदा ते शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडले, आणि तेही कोणापुढे, तर ज्याचं नावही मला ठाऊक नाही अशा माणसापुढे. ते गृहस्थ गाडीत बसले. त्यांनी गाडी चालू केली आणि खाली रस्त्यावर घेतली. आता तेच मी इथे लिहिते आहे, म्हणजे शोकसभेतल्या वक्त्यांनी वाचावं, शाळेच्या कमिटीनेही वाचावं आणि मग काय करायचं ते करावं. गणूमामांच्या बायकोला वाचता येत नाही. तिला मी काल जाऊन सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, उठली आणि आत गेली, ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

त्या सकाळी मी भिंत संपेपर्यंत तशीच गेले. घरी आले तर तळहात पांढरा झाला होता. खुंटीवर दादाचा सदरा आहे, त्या दिवशीचा, पोलिसांनी आणून दिलेला. तो मी अजून धुतलेला नाही. त्याच्या डाव्या बाहीवर मी माझा हात ठेवला. चुना एकाच भिंतीचा होता.